कोथिंबिरीची जुडी

नाशिक, रविवार, रात्री

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

आज क्लास सुटल्यावर तू मागे थांबलीस आणि विचारलंस, "सर, पंचविशी आली तरी मी ही स्वप्नासारखी विचित्र कार्टून बघते, माझं काही चुकतंय का?" घरी कोणीतरी टोचून बोललं असणार. बाकीची मुलं घुटमळत होती, म्हणून तेव्हा मोकळेपणाने बोलता आलं नाही. तुझं काहीही चुकत नाही. पण का चुकत नाही, ते तुला नीट सांगायला हवं.

आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मला एक स्वप्न पडलं. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आलेला, पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या खांद्याला लागलेलं, आणि आई त्या पाण्यात उभी राहून कोथिंबीर धुतेय. ती हयात नाही हे मला स्वप्नातही ठाऊक होतं. पुराची भीती वाटत नव्हती. जीव कासावीस होत होता तो एवढ्यासाठीच, की जुडी तिच्या हातून सुटेल आणि तपोवनाकडे वाहून जाईल. जाग आली तेव्हा उशी ओली होती. तोवर जे रडू आलं नव्हतं, ते त्या जुडीसाठी आलं.

आता हे खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलं, तर बघणारा आधी पाण्याकडे बघेल. एवढा पूर आणला कसा, याच विचारात पडेल. ॲनिमेशनमध्ये तो प्रश्न उठत नाही. मारुती, आई, पाणी, कोथिंबीर, सगळं एकाच हाताने आणि एकाच रंगपेटीतून उतरलेलं असतं. खरं कुठे संपलं आणि स्वप्न कुठे सुरू झालं, ती शिवण डोळ्याला सापडत नाही. सातोशी कोन या जपानी दिग्दर्शकाने हे पुरेपूर ओळखलं होतं. त्याच्या २००६ सालच्या 'पॅप्रिका' या ॲनिमेशनपटात फ्रिज, बाहुल्या, वाद्यं वाजवणारे बेडूक अशी एक वरात निघते आणि बघता बघता जागेपणीच्या शहरात शिरते. आपल्याला ती कुठे शिरली ते कळत नाही, कारण शहरही चित्रच आहे. त्याचा १९९७ चा 'परफेक्ट ब्लू' मात्र मन थाऱ्यावर नसताना बघू नकोस, आणि लहान भावंडांसमोर तर अजिबात लावू नकोस. तो फार हिंसक आहे.

सुरुवात छोट्यापासून कर. युरी नॉर्स्टाइनचा 'हेजहॉग इन द फॉग' हा १९७५ चा रशियन चित्रपट जेमतेम दहा मिनिटांचा आहे. एक छोटा काटेरी प्राणी मित्राकडे निघतो, धुक्यात त्याला पांढरा घोडा दिसतो, आणि तो वाट सोडून धुक्यात उतरतो. बस. ते धुकं म्हणजे साधा पातळ कागद आहे. घरी करून बघ: चित्रावर बटर पेपर टेकव, रेषा स्वच्छ दिसतील. तो बोटभर वर उचल, कडा विरघळायला लागतात. वीतभर उचललास की चित्र गेलंच. नॉर्स्टाइन असा कागद एकेका फ्रेमला जरासा उचलत कॅमेऱ्याकडे नेत असे, आणि पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. म्हणून ॲनिमेशनमध्ये विचित्र असं काही चुकून येत नाही. कोणीतरी दिवसच्या दिवस बसून ते ठरवलेलं असतं.

मोठ्या माणसांसाठी असं काही करणं आपल्या गावाला नवीन नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याचं रोप एकेक फ्रेम घेत वाढताना टिपलं, ते भांडवल घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून. पुढे त्यांनी आगपेटीतल्या काड्याही पडद्यावर चालवल्या. गीतांजली रावचा २००६ चा 'प्रिंटेड रेनबो' हा ॲनिमेशनपट बघताना मला त्याच काड्या आठवतात. त्यात शहरातल्या फ्लॅटमध्ये मांजरीबरोबर एकटी राहणारी म्हातारी काड्यापेटीवरच्या चित्रांत शिरते. पंधरा मिनिटांचं काम, पण गीतांजलीने एकटीने फ्रेममागून फ्रेम रंगवलेलं. तुझ्या आजीला शेजारी बसवून दाखव.

आणि एक कळकळीने सांगतो. चित्रपट संपला की लगेच त्याचा अर्थ उलगडून सांगणारे व्हिडिओ लावू नकोस. रात्रभर तसाच राहू दे. सकाळी वहीत पाच ओळी लिही: काय दिसलं, कुठल्या रंगाचं, हातात काय होतं. अर्थ लिहू नकोस. जे लिहिताना घशाशी येईल ते तुझं. ज्यातलं काहीच आठवणार नाही, तो चित्रपट बहुधा पोकळ होता, आणि तसे पुष्कळ आहेत. उडते मासे आणि वितळती घड्याळं एकापुढे एक मांडली की स्वप्न होत नाही. स्वप्नाला स्वतःचे नियम असतात आणि ते फार काटेकोर असतात.

पुढच्या रविवारी बटर पेपरचे दोन ताव घेऊन ये, माझ्याकडचे संपलेत. मागे तू तुझं ते लिफ्टमधल्या पाण्याचं स्वप्न सांगायला लागलीस आणि "जाऊ दे सर, काहीतरीच आहे" म्हणून थांबलीस. ते काढायला घेऊ. पाणी गुडघ्यापर्यंत होतं की कमरेपर्यंत, आणि तुझ्या पायात चपला होत्या का, एवढं आठवून ये.

तुझे,
सर