6 फुटी फिश टँकच्या वरच्या प्लॅस्टिक फ्रेमची मधली पट्टी तुटली आहे, दुरुस्त कशी करू?

आधी पाणी अर्ध्यावर आणा, बाकीचं उत्तर नंतर वाचा. हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच थंड होऊ द्या. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तडकतो. मग सायफन लावा.

तुम्ही लिहिलंय की टाकी 180 × 60 × 60 सेंमी आहे, काच 12 मिमी, फ्रेमची आडवी पट्टी मधोमध तुटली आहे आणि पुढची काच बाहेर झुकल्यासारखी दिसते. तो भास नाही. 55 सेंमी पाणी असताना या टाकीच्या पुढच्या काचेवर सुमारे 270 किलोचा दाब असतो. त्यातला ढोबळमानाने 80 किलोचा वाटा वरच्या कडेवर येतो. लांब टाकीत ती कड मध्यभागी पट्टीनेच धरून ठेवलेली असते. पट्टी गेली की काच वाकते आणि ताण कोपऱ्यांच्या सिलिकॉनवर जातो. पाणी निम्मं केलं की एकूण दाब चौथाईवर येतो आणि वरच्या कडेचा वाटा आठव्या हिश्शावर. म्हणून ‘थोडंसं कमी करून बघू’ न करता थेट अर्ध्यावर जा. भरलेल्या टाकीला क्लॅम्प लावून काच आत ओढू नका. पाणी उतरलं की ती आपोआप सरळ होते.

तुटलेले दोन तुकडे चिकटवण्याचा विचार सोडून द्या. एम-सील, इन्स्टंट ग्लू, इपॉक्सी यांपैकी काहीही इथे भरवशाचं नाही. पट्टीचा छेद लहान असतो, तिच्यावर ताण दिवसरात्र असतो, आणि वर्षानुवर्षं दिव्याखाली तापलेलं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. जोड टिकला तरी त्याच्या शेजारी तुटतं. सिलिकॉन काचेला उत्तम धरतं, बहुतेक प्लॅस्टिकला नाही. अगदी त्याच मापाची नवी फ्रेम मिळत असेल तर तीच बसवा. आपल्याकडे ती सहसा मिळत नाही, म्हणून मी फ्रेम काढून काचेच्या पट्ट्या बसवायला सांगेन. फ्रेम काढून टाकी तशीच भरायची मात्र नाही. फ्रेमच्या टाकीची काच पट्टीचा आधार गृहीत धरून निवडलेली असते.

मासे मोठ्या ड्रममध्ये त्याच पाण्यात हलवा आणि हवेचा पंप चालू ठेवा. फिल्टरचं मटेरियल टाकीच्याच पाण्यात, हवा खेळती ठेवून जपा. ते नळाच्या पाण्याने धुतलं किंवा सुकू दिलं तर त्यातले जिवाणू मरतात आणि मासे परतल्यावर अमोनिया चढतो. या काळात खाणं अगदी कमी द्या.

टाकी पूर्ण रिकामी झाली की फ्रेम सोडवा. ती खाचेतल्या सिलिकॉनने धरलेली असते. हेअर ड्रायरने गरम करत, आतून आणि बाहेरून पातळ ब्लेड फिरवा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, काचेच्या कडेची कपची उडते. सगळ्यात जास्त जपायचे ते चार कोपरे. तिथे फ्रेमचं सिलिकॉन आणि उभ्या जोडाचं सिलिकॉन एकत्र मिसळलेलं असतं. ब्लेड खोल गेलं तर चांगला जोड कापला जातो. कोपऱ्यांत फ्रेमच पक्कडीने तोडून तुकड्यातुकड्याने काढणं जास्त सुरक्षित.

आता काचेच्या कडा बघा. फ्रेमखाली जुनी कपची निघणं नवल नाही. ती शिंपल्यासारखी उथळ असेल तर 120, मग 220, मग 400 नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी मारत घासून गुळगुळीत करा. कपचीतून केसासारखी रेघ पुढे गेली असेल तर तो तडा आहे. ती काच बदलावी लागते, वरून सिलिकॉन फासून तडा थांबत नाही. उभे जोडही बाहेरून टॉर्च मारून तपासा. सिलिकॉन सुटलं असेल तिथे काचेमागे चमकदार, हवा शिरल्यासारखे डाग दिसतात. काच बरेच दिवस वाकलेली राहिली असेल तर हे होऊ शकतं. असे डाग दिसले तर पट्ट्या लावून भागणार नाही, टाकी उकलून नव्याने जोडून घ्या.

काचवाल्याकडून साधी काच कापून आणि कडा मशिनवर घासून घ्या: पुढच्या आणि मागच्या काचेला लांबीने लावायला 10 मिमी जाडीच्या 177 × 7 सेंमीच्या दोन पट्ट्या, त्यांच्यावर आडवे ठेवायला 12 मिमीचे 57 × 20 सेंमीचे दोन तुकडे. आतली लांबी 177.6 आणि रुंदी 57.6 सेंमी धरून, दोन्ही टोकांना 3-3 मिमी सोडून ही मापं काढली आहेत. तुमची टाकी आतून तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी माप धरा. सिलिकॉनच्या 300 मिलीच्या दोन ट्यूब लागतील. ट्यूबवर मत्स्यटाकीसाठी चालतं असं लिहिलेलं हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं शंभर टक्के सिलिकॉन चालतं, बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन माशांना विषारी ठरू शकतं.

जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर नवं धड चिकटत नाही. मग ॲसिटोनने पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास ज्योत नसताना. पुसलेल्या भागाला बोट लावू नका, बोटाचं तेल पुरेसं असतं जोड सुटायला.

लांब पट्टी पुढच्या काचेला आतून, वरच्या कडेपासून अडीच सेंमी खाली, आडवी बसते. तिचं वजन तीन किलोच्या वर असल्याने खालून टेकू लागतात. पीव्हीसी पाइपचे एकाच उंचीचे पाच तुकडे कापा, तळाची काच 12 मिमीची असेल तर 55.3 सेंमीचे, आणि वरच्या टोकाला पॅकिंग टेप लावा म्हणजे चिकटणार नाहीत. पट्टी आणि काच यांच्यामधली 3 मिमीची फट कायम राहायला हवी. पट्टी काचेला घट्ट दाबली तर सिलिकॉन पिळून बाहेर येतं आणि उरलेल्या पातळ थराला काचेबरोबर ताणायला जागा राहत नाही. त्यासाठी दोन-तीन दिवस आधी तेच सिलिकॉन 3 मिमी जाड पसरून सुकवा, त्याचे छोटे चौकोन कापा आणि फटीत ठेवा. ते आतच राहू द्यायचे.

जोडाच्या बाजूने मास्किंग टेप लावून काचेवर सिलिकॉनची भरघोस धार सोडा, पट्टी सरकवून टेकवा, खालच्या कोनात आणखी एक धार देऊन बोटाने ओढा. साधारण दहा मिनिटांत साय धरते, त्याआधी टेप काढा. मागेही तसंच करा. दोन दिवसांनी आडवे तुकडे या पट्ट्यांवर ठेवा, लांबीचे तीन सारखे भाग पडतील असे. इथे पूर्ण 7 सेंमी रुंदीला सिलिकॉन फासण्याचा मोह आवरा. ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत, दिवसाला 2-3 मिमी सुकतं आणि खोलवर अजून हळू. रुंद थराचा गाभा आठवड्यांनंतरही ओला असतो. त्यापेक्षा जोडाच्या दोन समोरासमोरच्या कडांना 2-2 सेंमी रुंदीचे पट्टे द्या, मध्ये मोकळं ठेवा. प्रत्येक टोकाला 80 चौरस सेंमी मिळतात. तुकड्यावर 40 किलोचा ताण धरला तरी चौरस सेंमीला अर्धा किलोच येतो, एवढं हे सिलिकॉन सहज पेलतं.

शेवटच्या जोडानंतर किमान दहा दिवस थांबा. वास पूर्ण गेला पाहिजे. टेकू तोवर हलवू नका.

भरण्याआधी आतली रुंदी मध्यभागी मोजून लिहून ठेवा. अर्धी टाकी भरा, एक दिवस ठेवा, पुन्हा मोजा. मग पट्टीच्या खालपर्यंत भरून आणखी दोन दिवस. एक-दीड मिमीचा फरक चालेल. 3 मिमीच्या वर गेला किंवा रोज वाढत राहिला तर पाणी उतरवा आणि कुठला जोड सुटतोय ते शोधा. मासे यानंतरच.

खालच्या फ्रेमलाही तडा आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. नुसती रेघ असेल आणि टाकी लेव्हलमध्ये असेल तर सोडून द्या. तुकडा निघालेला असेल तर टाकी रिकामी असतानाच ती फ्रेम बदला, कारण तिथे काचेला आधार नाही आणि भार शेजारच्या जागेवर एकवटतो. खालची फ्रेम शाबूत असलेल्या टाकीखाली थर्माकोल घालू नका. अशा टाकीची तळाची काच स्टँडपासून उचललेली असते, सगळं वजन कडांवरून उतरतं. थर्माकोलमध्ये कड रुतली की तो तळाच्या काचेला मधोमध खालून रेटू लागतो.