पहिल्या विमानप्रवासाची हातातली बॅग

चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर, तपासणीतून एखादी वस्तू सुटली म्हणजे मुंबईतही सुटेल, असं धरू नका. परदेशी जाताना तिथं पुन्हा तपासणी होते आणि द्रवाची बाटली 100 मिलिलिटरपर्यंतचीच चालते. 200 ची अर्धी रिकामी बाटलीही काढून घेतात, कारण माप बाटलीचं बघतात. तूप, लोणचंही त्यातच धरा.

काळं तिखट, येसर मसाला मोठ्या बॅगेत टाका. हातात मिरचीपूड चालत नाही. सुकं खोबरं मात्र दोन्हीकडे नकोच, तेलामुळे ते पेट घेऊ शकतं.

पॉवर बँकेचं उलटं, ती हातातच हवी. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-तास (बॅटरीतल्या ऊर्जेचं माप) भरते, विनापरवानगी मर्यादा 100. त्यावरचे छापील आकडे पुसले असतील तर अडवतात, आधीच बघून घ्या.