आधी गॅलरीतून ओरडणं थांबवा

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा, अकरावी कॉमर्सला आहे. सेंटर मिडफिल्डर, म्हणजे फुटबॉलमध्ये मैदानाच्या मधोमध खेळतो. पेठेत सगळे म्हणतात, असा पास देणारं पोरगं बऱ्याच वर्षांत झालं नाही. पण डोकं भडक. या हंगामात दोनदा रेड कार्ड मिळालं. दुसऱ्या वेळी पंचांना ढकललं म्हणून सहा महिन्यांची बंदी आली. नगरसेवकांच्या ओळखीने ती कमी करून घेण्याचा प्रयत्न चालू आहे. खरं सांगायचं तर त्याचा राग मला वाईट वाटत नाही. रॉय कीन, झिदान हे मोठे मिडफिल्डर काय शांत होते? राग गेला तर खेळही जाईल, अशी भीती वाटते. एक एजंट स्पेनमध्ये ट्रायल देतो म्हणतोय, आठ लाख मागतोय. बारावीनंतर जावं की आत्ताच? मी स्वतः चांगला खेळायचो, घरच्या परिस्थितीमुळे सोडावं लागलं. मुलाचं तसं होऊ द्यायचं नाही.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात दिलंय. पण जे गाळलं, त्यातल्याच तीन गोष्टींनी मला जास्त अस्वस्थ केलं. म्हणून एजंट, बारावी, स्पेन सगळं नंतर. आधी त्या तीन गोष्टी.

पहिली गोष्ट. पहिल्या रेड कार्डाबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘समोरचा आठ नंबर सारखा शर्ट ओढत होता. मी गॅलरीतून ओरडलो, सोडू नको त्याला. पुढच्याच मिनिटाला पोरानं त्याला आडवा केला.’ हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. दुसऱ्या मॅचलाही तुम्ही गॅलरीत होता आणि पंचांवर तुमचंच ओरडणं आधी सुरू झालं होतं, हेही तुमच्याच पत्रात आहे. आणि शाळेच्या स्पर्धेची फायनल? ‘ड्युटीमुळे जाता आलं नाही, पण ऐकलं की एकहाती काढली, दोन गोल केले.’ त्या मॅचमध्ये त्याला साधं यलो कार्डही मिळालं नाही. या तिन्ही मॅच तुम्ही वेगवेगळ्या पानांवर लिहिल्यात. कृपा करून त्या एकाखाली एक लिहून पाहा.

दुसरी गोष्ट. मॅच संपली की तुम्ही त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घरी आणता आणि वाटेत त्याच्या चुका सांगता. तुमचंच वाक्य आहे, ‘मागे बसलेला असतो, ऐकून घ्यावंच लागतं.’ अहो, नव्वद मिनिटं धावलेलं, हरलेलं, कधी बाहेर काढलेलं पोरगं, आणि त्याला उतरून जायलाही जागा नाही! त्या वाटेवर तो काय बोलतो, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. बहुतेक काहीच बोलत नसावा.

तिसरी गोष्ट पत्राच्या शेवटी, वेगळ्या अक्षरात. ‘मॅचनंतर तो जेवत नाही. आई.’ एवढंच. या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पंचांच्या अंगाला हात लावला तो मुलानेच, तुम्ही नव्हे, हे मला कळतं. सतराव्या वर्षी आपल्या हाताची जबाबदारी आपलीच असते आणि ती त्याने घ्यायला हवी. म्हणूनच त्या बंदीच्या वाटेला जाऊ नका. नगरसेवकांना फोन करू नका, केला असेल तर परत करून ‘राहू द्या’ म्हणून सांगा. फुटबॉलच्या नियमांत आडदांड टॅकल ही एक गोष्ट आणि पंचांना ढकलणं ही अगदी वेगळी, त्याहून कितीतरी गंभीर गोष्ट आहे. सहा महिने पूर्ण होऊ द्या. ओळखीने बंदी उठली, तर पुढच्या हंगामात तो आणखी मोठी चूक करील, आणि तेव्हा समोर पेठेतले ओळखीचे लोक नसतील.

आता तुमच्या गैरसमजाकडे येते, कारण तो एकट्या तुमचा नाही. ‘राग आहे म्हणून खेळ आहे’ असं मानणारे पालक मला बरेच भेटतात. तुम्ही रॉय कीनचं, इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबच्या आयरिश कर्णधाराचं नाव घेतलंत, तर त्याचंच उदाहरण नीट बघू. सप्टेंबर १९९७ मध्ये लीड्सच्या मैदानावर तो आल्फ-इंगे हालंडला (आजच्या एर्लिंग हालंडचे वडील) पाय घालायला गेला आणि स्वतःच्याच गुडघ्याचा लिगामेंट फाडून बसला. अख्खा हंगाम गेला. त्या हंगामात मँचेस्टर युनायटेडचं लीगचं विजेतेपद आर्सेनलने एका गुणाने नेलं. राग मनात तसाच राहिला. एप्रिल २००१ मध्ये त्याच हालंडला त्याने गुडघ्यावर भयंकर टॅकल केला, रेड कार्ड घेतलं. पुढे आपल्या आत्मचरित्रात त्याबद्दल जे लिहिलं, त्यावरून पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड. २००२ चा विश्वचषक आठवतो का? आयर्लंडचा संघ सायपान बेटावर सरावाला उतरला, तर मैदान खडकाळ, सामान वेळेवर पोचलेलं नाही. कीनची तक्रार शंभर टक्के खरी होती. पण प्रशिक्षक मिक मॅकार्थींशी त्याचं असं कडाक्याचं भांडण झालं, की कर्णधार एकही सामना न खेळता घरी परतला. त्याच्याविना आयर्लंड बाद फेरीत पोचला आणि स्पेनकडून पेनल्टींवर हरला. तो असता तर काय झालं असतं, यावर आयर्लंडमध्ये अजून वाद होतात.

आणि त्याची सगळ्यात गाजलेली मॅच कोणती? एप्रिल १९९९, तुरीन, चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची) उपांत्य फेरी. इटलीच्या युव्हेंटसने अकरा मिनिटांत दोन गोल केलेले. कीनने हेडरने पहिला गोल परत केला. थोड्याच वेळात त्याला यलो कार्ड मिळालं, तेही तुमच्या त्या झिदानला पाडल्याबद्दल. आधीच्या कार्डांमुळे त्या कार्डाने त्याच्यावर पुढच्या सामन्याची बंदी आली, म्हणजे फायनल गेली, हे त्याला तिथेच, त्या क्षणी कळलं होतं. तापट माणसाने चिडून दुसरं कार्ड घेण्याची ती वेळ. पण पुढचा जवळजवळ तासभर तो तोल न सोडता खेळला, मधली फळी त्याने ताब्यात ठेवली आणि युनायटेड ३–२ ने जिंकलं. लोक वर्षानुवर्षं आठवतात ती ही मॅच, ज्यात राग यायला सगळ्यात मोठं कारण होतं आणि त्याने तो बाहेर पडू दिला नाही. झिदानचं तर मी वेगळं काय सांगू! ९ जुलै २००६, बर्लिन, विश्वचषकाची फायनल, कारकिर्दीतली शेवटची मॅच. ११० व्या मिनिटाला इटलीच्या मातेरात्झीच्या छातीवर डोकं मारून तो बाहेर गेला. पेनल्टींची वेळ आली तेव्हा फ्रान्सचा सगळ्यात भरवशाचा माणूस आत ड्रेसिंग रूममध्ये होता. या दोघांना मोठं केलं ते त्यांच्या रागाने नव्हे. राग असूनही ते मोठे झाले, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत त्यांच्याबरोबर संघानेही मोजली.

मिडफिल्डरला राग तर आणखी महाग पडतो. मधल्या माणसाला चारही बाजूंनी माणसं येतात. चेंडू पायात येण्याआधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून पाहून घेणं, हा त्याचा अर्धा खेळ. तुमच्या मुलाचा पास चांगला आहे याचा अर्थ तो आधी बघतो. डोक्यात एकच माणूस बसला की मान वळायची थांबते. पुढच्या वेळी त्याचा खेळ बघाल (कधी बघायचा ते खाली सांगते), तेव्हा पायांकडे बघू नका, मानेकडे बघा. निवड करणारे प्रशिक्षकही चेंडू गमावल्यानंतरचे पाच-सहा सेकंद बघतात. पोरगं मागे धावतं, की हात पसरून पंचांकडे वळतं?

एजंटाला एक पैसा देऊ नका. फिफाच्या (जागतिक फुटबॉल संघटनेच्या) नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणीच होत नाही, मोजके अपवाद सोडले तर. आणि आठ लाख देऊन ट्रायल हा त्या अपवादांत बसत नाही. ज्या क्लबला खेळाडू हवा असतो, तो त्याच्याकडून पैसे मागत नाही. मुलाला तिथे नेऊन एखाद्या मैदानावर चार दिवस पळवतील, फोटो काढतील, परत पाठवतील. ते आठ लाख प्लॉट गहाण टाकून उभे करणार आहात, हे वाचून मला धस्स झालं.

उशीर होतोय, ही भीतीही मनातून काढा. हाच कीन लहान चणीचा म्हणून पोरवयात नाकारला गेला होता. आयर्लंडमध्ये कोभ रँबलर्ससारख्या छोट्या क्लबकडून खेळत, सरकारी प्रशिक्षण योजनेतून सराव करत तो १९९० मध्ये अठराव्या वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टला पोचला. तुमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्यासाठी त्याच्या घरच्यांना स्पेनच्या एजंटाची गरज पडली नाही. बाकीचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच : बारावी पूर्ण, विद्यापीठाचा संघ, संतोष ट्रॉफीची (राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेची) निवड चाचणी, क्लबच्या ट्रायल, खेळाडूंसाठीचं शासकीय नोकरीतलं आरक्षण, पुढे प्रशिक्षकाचं लायसन्स. बारावी सोडायची नाही, यावर चर्चा नको.

या सहा महिन्यांत त्याने दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. एक, पंचांची माफी. लेखी, स्वतःच्या शब्दांत, तुम्ही मजकूर न सांगता. दोन, शाळेच्या मैदानावर लहान मुलांच्या सराव सामन्यांत शिट्टी त्याच्या हातात द्या. क्रीडाशिक्षक आनंदाने देतील. बारा-तेरा वर्षांची बावीस पोरं एकदम ‘सर, फाउल!’ म्हणून अंगावर येतात आणि कडेला कुणाचे तरी वडील ओरडत असतात, तेव्हा निर्णय देणं म्हणजे काय हे त्याला कळेल. त्याच्याशी बोलायला क्रीडा मानसशास्त्राची जाण असलेला समुपदेशक मिळाला तर उत्तमच. शिक्षा म्हणून पाठवू नका, गुडघा दुखला तर फिजिओकडे पाठवतो तसं पाठवा.

आणि तुम्ही. बंदी संपल्यावरचा पहिला अख्खा हंगाम तुम्ही स्टेडियमवर जायचं नाही. मला माहीत आहे, कोल्हापुरात हे किती अवघड आहे. मॅचच्या दिवशी अर्धी पेठ रस्त्यावर असते आणि खेळणाऱ्याचा बाप घरी बसलाय, याची चौकशी होणार. होऊ द्या. तो चालत येईल, मित्राच्या गाडीवर येईल, तुमच्या मागे बसून नको. घरी आल्यावर स्कोअर विचारू नका, त्याने सांगितला तर ऐका. ताट वाढलेलं असू द्या. हंगाम संपला की त्यालाच विचारा, ‘आता मी येऊ का?’ तो नाही म्हणाला, तर आणखी एक हंगाम.

तुमचा खेळ परिस्थितीने हिरावून घेतला, हे दुःख खरं आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. पत्रात तुम्ही तुमच्या शेवटच्या मॅचचं वर्णन केलंय, कुठून कॉर्नर आला, कुणाला पास दिला, सगळं. इतक्या वर्षांनी इतकं स्पष्ट! ज्याला फुटबॉल इतका आठवतो, त्याने स्वतः खेळायला हवं. तुमच्या वयाची माणसं सकाळी मैदानावर खेळतात, त्यांच्यात जा. मुलाच्या पायांनी तुमची ती मॅच पूर्ण होणार नाही, आणि त्याने ती पूर्ण करावी ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय आहे.

शेवटचं. तुमच्या चार पानांत मुलाचं एकही वाक्य नाही. तो प्रोफेशनल व्हायचं म्हणतो, असंही तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, ते मीच गृहीत धरून उत्तर दिलं. हे उत्तर त्याला वाचायला द्या. पुढचं पत्र त्याने लिहावं, तुम्ही न वाचता पाकीट बंद करावं.