कॉम्बी ओव्हन (गरम हवा आणि वाफ दोन्हींवर शिजवणारा) दुपारी तापून बंद पडतो, मेकॅनिक म्हणतो बोर्ड बदला. बदलावा का?

बोर्डाचे, म्हणजे ओव्हन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचे, पैसे आत्ताच देऊ नका. तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या तुमच्या हॉटेलात ओव्हन सकाळी बिनतक्रार चालतो, जेवणाच्या गर्दीत दोनेक तासांनी 'इलेक्ट्रॉनिक्स गरम' असा एरर देऊन थांबतो आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होतो. अर्धं निदान यातच आहे. बोर्ड किंवा त्यावरचा सेन्सर गेला असता, तर बहुधा सकाळी थंड ओव्हनवरही तोच एरर आला असता. तुमच्याकडे बोर्ड बसवलेला कप्पा खरोखरच तापतोय, आणि नवा बोर्ड बसवला तरी तोही त्याच कप्प्यात तापणार. व्यावसायिक किचनची मशिनरी दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि चांगले बोर्ड असे भंगारात जाताना पाहून फार वाईट वाटतं.

ओव्हनच्या आत अडीचशे अंशांची हवा आणि इन्सुलेशनच्या थरापलीकडे बोर्ड, कॉन्टॅक्टर (हीटरची वीज चालू-बंद करणारा मोठा स्विच), एसएसआर (तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). २५ अँपिअर वाहून नेणारा एसएसआर स्वतःच २५-३० वॅट उष्णता सोडतो. ही सगळी उष्णता बाहेर काढायला एक वेगळा छोटा पंखा असतो, जो किचनमधली हवा फिल्टरमधून आत ओढतो. पदार्थाभोवती गरम हवा फिरवणारा ब्लोअर वेगळा. मेकॅनिकशी फोनवर बोलताना नेमका कोणता पंखा ते स्पष्ट सांगा, यात फार गल्लत होते.

आधी फिल्टर बघा. तो बहुतेक मॉडेलमध्ये पॅनेलच्या खाली किंवा बाजूला असतो. तेलाची वाफ आणि मैदा मिळून त्यावर मेणचट थर बसतो. गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका, आणि फिल्टर काढून ओव्हन चालवू तर अजिबात नका, नाहीतर तेच तेल थेट बोर्डावर जाईल. मग पंखा चालू असताना हवा आत जाते त्या फिल्टरच्या जाळीशी पातळ टिश्यू धरा. हवा नीट ओढली जात असेल तर तो जाळीला चिकटून राहतो.

आता आजूबाजूला पाहा. तुमचा फ्रायर ओव्हनच्या कोणत्या बाजूला आहे? हवा आत जाते त्याच बाजूला असेल, तर पंखा फ्रायरची धगच आत ओढतोय. मॅन्युअलमध्ये गरम उपकरणापासूनचं अंतर आणि खोलीचं कमाल तापमान दिलेलं असतं. थर्मामीटर किचनच्या मधोमध टांगून काही कळत नाही, दुपारी ऐन गर्दीत तो त्या जाळीपाशीच धरा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि एक्झॉस्ट कमजोर, तर जाळीपाशी किती भरेल याचा विचार करा. शिवाय ओव्हनच्या डोक्यावर ट्रे रचून ठेवायची सवय जवळपास प्रत्येक किचनमध्ये दिसते. तिथले हवा बाहेर जायचे मार्ग मोकळे करा.

यापुढचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनचं. आत ४१५ व्होल्टची थ्री-फेज लाइन असते, त्यामुळे आधी एमसीबी बंद करून पुन्हा कोणी चालू करणार नाही याची सोय करायची आणि मगच पॅनेल उघडायचं. पंख्याचं पातं बोटाने फिरवून बघावं. अडखळत फिरलं किंवा लगेच थांबलं, तर बेअरिंग गेलंय. थंड असताना असा पंखा कसाबसा फिरतो आणि तापल्यावर मंदावतो, म्हणून सकाळी तपासणाऱ्याला तो ठीक वाटतो. तुमच्या तक्रारीची वेळ बघता माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. नवा घेताना त्यावर लिहिलेलं व्होल्टेज पाहा. काही २३० व्होल्ट एसी असतात, काही २४ व्होल्ट डीसी. अंगावर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. उलटा बसला तर पंखा जोरात फिरतो, पण हवा चुकीच्या बाजूने जाते आणि कप्पा तापतच राहतो.

पंखाही उत्तम निघाला, तर उष्णता कुठून गळते ते शोधावं लागतं. ओव्हन थंड असताना दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. एखाद्या जागी ती सहज निसटली, तर तिथून वाफ निघतेय, आणि ती जागा पॅनेलच्या बाजूला असेल तर दोषी सापडलाच. दुसरी जागा पटकन लक्षात येत नाही. ब्लोअर मोटरचा शाफ्ट ओव्हनच्या भिंतीतून आत जातो तिथलं सील. ते झिजलं की वाफ थेट मोटरच्या कप्प्यात येते. तिथे पत्र्यावर पांढरट क्षाराचे ओघळ किंवा गंज दिसला तर हेच समजा. इन्सुलेशन ओलं झालं असेल तर तेही बदलावं लागेल.

रात्री काम संपताच कोणी मेन स्विच बंद करतंय का, तेही विचारा. आतलं तापमान उतरेपर्यंत अनेक ओव्हन तो छोटा पंखा चालू ठेवतात. वीज तोडली की सगळी धग बोर्डाकडे सरकते. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या डबीसारख्या भागाचं) आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं, म्हणून ही सवय आजच मोडा. बाजूचं पॅनेल काढून टेबलफॅन लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ओल्या फरशीवर, पाइपने धुलाई चालते अशा जागी तो जिवावर बेतू शकतो.

एवढं करूनही मेकॅनिक बोर्डावर अडून असेल, तर त्याला एक मोजमाप दाखवायला सांगा. ओव्हन तापलेला असताना सर्व्हिस मेनूमध्ये दिसणारं कप्प्याचं तापमान आणि बोर्डाच्या सेन्सरजवळ वेगळ्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेच्या सेन्सरने) मोजलेलं तापमान. दोन्ही जवळपास सारखी असली तर बोर्ड खरं बोलतोय, गळती किंवा पंखा शोधा. मेनू ८५ दाखवत असेल आणि थर्मोकपल ५०, तर सेन्सर चुकतोय. तो बोर्डावरच असेल तर बोर्ड खुशाल बदला.