सरकारी गिऱ्हाईक आणि लाकडाची वंशावळ

प्रश्न : भवानी पेठेत आमचे फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे. ब्रिटनमधील सरकारी कार्यालयांना टेबले पुरवणारा आमचा ग्राहक लाकूड कोणत्या जंगलातले, याचा पुरावा मागतो. आयातबंदी नसताना ही सक्ती का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ही बंदी नसून गिऱ्हाइकाची अट आहे, गिऱ्हाईक सरकार आहे, इतकेच. आयात मालाला देशी मालासारखीच वागणूक द्यावी, हा गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या तिसऱ्या कलमातील नियम सरकारच्या स्वतःच्या वापरासाठीच्या खरेदीला लागू होत नाही. ब्रिटनच्या केंद्र सरकारचे धोरण कायदेशीर व शाश्वत रीतीने तोडलेले, फ्लेग्ट परवान्याचे (म्हणजे लाकूड कायदेशीर असल्याचा निर्यात करणाऱ्या देशाने दिलेला परवाना असलेले) किंवा पुनर्वापराचे लाकूड घेण्याचे आहे. इंडोनेशियाने असे परवाने २०१६ पासून दिले. भारताकडे ती सोय नाही, म्हणून कागदांचा भार तुमच्यावर येतो.

खरी अडचण थप्पीत आहे. ओंडक्यावरचा ओळखीचा हातोड्याचा छाप करवतीखाली जातो आणि चार ठिकाणच्या फळ्या एकत्र रचल्या की कोणती कुठली, हे मालकालाही सांगता येत नाही. तेव्हा पावतीगणिक गठ्ठे वेगळे ठेवावेत. पाडलेल्या वाड्यांचे सागवान (पुण्यात त्याची वाण नाही) पुनर्वापरात बसू शकते, मात्र वाडा कोणता, याचा कागद हवा.