दोन्ही गुडघे सुजतात, दुखतात, पण निदान नक्की होत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय 45, काही महिन्यांपासून दोन्ही गुडघे सुजतात, एक्स-रे पाहून ‘थोडी झीज आहे’ असं सांगितलं गेलं, आणि वेदनाशामक गोळी चालू असेपर्यंतच बरं वाटतं. मी डॉक्टर नाही, संधिवाताचा जुना पेशंट आहे. मलाही सुरुवातीला झीजच सांगितली होती, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. एकच गुडघा अचानक सुजून लाल आणि गरम झाला, सोबत ताप आला किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर काही दिवसांतच कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) कायमची खराब होऊ शकते.

तुमचं तसं दिसत नाही. पण या वयात थोडीफार झीज कितीतरी जणांच्या एक्स-रेत दिसते आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे दुखतही नाहीत. तेव्हा झीज दिसली म्हणजे सूजही तिच्यामुळेच, असं होत नाही. झिजेनेही गुडघ्यात पाणी होतं, नाही असं नाही. पण दोन्ही गुडघे महिनोन्‌महिने सुजत असतील तर बाकीची कारणं तपासायलाच हवीत.

माझ्या बाबतीत गाडी रुळावर आली ती एका साध्या प्रश्नाने: सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो? झिजेचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत जातो आणि दुखणं चालण्याने, जिन्याने वाढतं. दाहक संधिवातात, म्हणजे झिजेने नव्हे तर सांध्याच्या आतल्या दाहाने होणाऱ्या संधिवातात, उलट असतं. आखडलेपणा तासभर किंवा जास्त टिकतो आणि हालचाल केल्यावर जरा बरं वाटतं. तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्हालाही विचारलं नसेल, तर आपणहून सांगा. त्यासोबत हेही सांगा: बोटं, मनगटं, टाचा दुखतात का, पहाटे कंबर आखडते का, अंगावर किंवा डोक्यात सोरायसिसचे चट्टे आहेत का, डोळे कधी लाल होऊन दुखले का, दुखणं सुरू होण्याआधी चिकुनगुनिया, जुलाब किंवा लघवीची जळजळ झाली होती का. गुडघ्याशी संबंध नाही वाटत म्हणून आपण हे बोलत नाही, आणि निदान नेमकं तिथेच अडकतं.

आता तपासण्या. गुडघ्यात पाणी असेल तर सगळ्यात जास्त माहिती त्या पाण्यातून मिळते. सुई घालून ते काढतात आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात, जंतू आणि स्फटिक आहेत का ते बघतात. दर मायक्रोलिटरला पेशी 2,000 पेक्षा कमी असतील तर कल साधारण झिजेकडे, त्याहून बऱ्याच जास्त असतील तर दाहाकडे, आणि 50,000 च्या वर गेल्या तर जंतुसंसर्गाची शंका आधी घेतात. गाऊटचे, म्हणजे युरिक आम्ल सांध्यात साचून होणाऱ्या आजाराचे, सुईसारखे स्फटिकही इथेच दिसतात. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड ऐन दुखण्याच्या वेळी नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे तेवढ्यावरून गाऊट नाही असं म्हणता येत नाही. ‘एकदा पाणी काढलं की सवय लागते’ हे खरं नाही. मूळ आजार तसाच राहिला तर पाणी पुन्हा भरतं, एवढंच.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात दाह आहे का ते सांगणाऱ्या), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवाताकडे, म्हणजे रुमॅटॉइड संधिवाताकडे, बोट दाखवणाऱ्या) बघतात. आरए फॅक्टर निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येतो आणि आजार असूनही निगेटिव्ह येतो, तेव्हा तो एकच आकडा घेऊन घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. एक्स-रे पुन्हा काढायचा झाला तर उभं राहून काढा. झोपून काढलेल्यात सांध्यातलं अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. एमआरआयची घाई मी करणार नाही. या वयात त्यात कधी कधी दुखण्याशी संबंध नसलेलं काहीतरी फाटलेलं दिसतं आणि लक्ष भलतीकडे जातं.

सकाळचा आखडलेपणा लांबत असेल तर हाडांच्या डॉक्टरांऐवजी संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे जा. दाहक संधिवात निघाला तर आजाराला आवर घालणारी औषधं लवकर सुरू होणं महत्त्वाचं, कारण सांध्याचं झालेलं नुकसान भरून येत नाही. त्यातलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेणं जिवावर बेतू शकतं.

तोवर आराम कसा मिळेल? सूज असताना बर्फ, कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्याला चांगलं लागू पडतं आणि पोटाला गोळीइतका त्रास देत नाही. रोजची वेदनाशामक गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका, बीपी, किडनी किंवा अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर अजिबातच नको. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण जंतुसंसर्ग नाही याची खात्री आधी हवी, आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय मोडा, गुडघा वाकलेलाच राहायला लागतो. पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, पाच मोजायचे, सोडायचा. हा व्यायाम सुजलेल्या गुडघ्यालाही बहुधा झेपतो. आणि काठी घेतलीत तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बरेच लोक नेमकी उलटी धरतात.