सभागृहात ठराव मंजूर झाला म्हणजे बोर्ड लागला असं धरून चालू नका

तुमची पोस्ट वाचताना हसू आलं, राग मानू नका. मुलुंडची गल्ली, तळमजल्यावर नवं हॉटेल, संध्याकाळी दोन्ही बाजूंना गाड्या, शाळेची बस तोंडाशीच अडकते. सोसायटीने सह्यांचं पत्र दिलं, नव्या नगरसेविकेने सभागृहात ‘नो पार्किंग’साठी ठरावाची सूचना मांडली, ती मंजूर झाली, आणि आता तुम्ही विचारताय की बोर्ड किती दिवसांत लागेल. मुलुंडच्या जागी पश्चिम उपनगर घाला आणि काळ आधीच्या सभागृहाचा धरा, की ही सगळी आमचीच गोष्ट झाली. म्हणून जरा लांब लिहितोय. तक्रार कुठल्या नंबरवर करायची, फोटो कसे टाकायचे हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ठरावाला मुदत नसते. ठरावाची सूचना सभागृहात मंजूर झाली की ती आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते. म्हणजे सभागृहाने ‘असं व्हावं’ एवढंच म्हटलेलं असतं, प्रशासन त्यावर आपलं मत लिहून पाठवतं. आमच्या वेळी अभिप्राय आला तो एवढाच, की वाहनं उभी करण्यास मनाई करणं ही बाब वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीतली आहे. उत्तर चूक नव्हतं हो. पण तोवर आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले होते, आणि ज्यांनी वाटले त्यांना ते पुढे फार दिवस ऐकून घ्यावं लागलं.

नगरसेविकेला कमी लेखायचं नाहीये. ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत नगरसेवकच नव्हते. प्रशासकाच्या त्या काळात अशी गाऱ्हाणी घेऊन जायचं कुणाकडे हाच प्रश्न होता. आता २२७ जण आहेत, त्यांचा उपयोग जरूर करा. पण तो प्रभाग समितीत पाठपुरावा करायला, अधिकाऱ्यांना गल्लीत बोलावून आणायला, फाइल कुठे पडली आहे ते विचारायला. सभागृहातल्या ठरावाची बातमी छान छापून येते. तिच्यावर गाडी टो होत नाही.

गाडी टो होते ती अधिसूचनेवर. मुंबईत पार्किंगची मनाई वाहतूक शाखेच्या अधिसूचनेने होते, मोटार वाहन कायद्याच्या ११५, ११६ आणि ११७ या कलमांखाली. पाट्या उभारणं, पट्टे मारणं, कर्बला रंग देणं हे पालिकेचं काम. आता ११७ वाचा. वाहनं कुठे उभी राहतील हे ठरवताना स्थानिक प्राधिकरणाशी सल्लामसलत करायची, असं त्यात लिहिलंय. हेतू चांगलाच असणार. आपल्या वाट्याला त्याचा अर्थ असा येतो, की पोलीस म्हणतात पालिकेचं पत्र आणा आणि पालिका म्हणते पोलिसांचा अभिप्राय आणा. दोघेही कायद्याने बरोबर. मधे आपण, हातात प्लास्टिकची फाइल.

आता आम्हाला जे सगळ्यात महाग पडलं ते. कार्यालयाचं नाव घेत नाही. पालिकेचं की पोलिसांचं तेही सांगत नाही, कारण तिथले काही लोक खरंच चांगले होते आणि त्यांच्यापैकी कुणी हे वाचतही असेल.

आम्हाला सुरुवातीला तात्पुरती मनाई मिळाली होती. कलम ११५ मध्ये अशी सोय आहे की मनाई महिन्याभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी दिली की पुरते. बोर्ड लागला. टोइंगची गाडी दोन-चार वेळा फिरली. हॉटेलचा व्हॅलेवाला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या गाड्या लावून देणारा पोरगा, गाड्या मागच्या रस्त्याला नेऊ लागला. संध्याकाळी गल्लीत मुलं क्रिकेट खेळताना दिसली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

त्याच महिन्यात संयुक्त पाहणी झाली. कनिष्ठ अभियंता, वाहतुकीचे एक हवालदार आणि एक मजूर, त्याच्या हातात टेप. गटाराच्या झाकणापासून समोरच्या गटाराच्या झाकणापर्यंत माप घेतलं. विकास आराखड्यात ३० फुटी, म्हणजे ९.१५ मीटर दिसणारा रस्ता प्रत्यक्षात बराच कमी भरला, कारण एका बाजूला कुंड्या आणि हॉटेलची पायरी, दुसऱ्या बाजूला पानाची टपरी. अहवाल लिहिला गेला, कच्चा नकाशा जोडला गेला. तो पुढच्या कार्यालयात गेला असता तर कायमची अधिसूचना निघाली असती. निदान निघायला अडचण उरली नसती.

तो गेलाच नाही. महिना संपला, बोर्ड तसाच उभा राहिला, आणि आम्हा कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आता तो नुसता पत्रा आहे. पुढे हॉटेलात जेवायला आलेल्या एका गृहस्थांना चलन आलं. ते वकील निघाले. त्यांनी अधिसूचनेची प्रत मागितली. प्रत निघाली ती मुदत संपलेली. त्यानंतर टोइंगची गाडी आमच्या गल्लीत वळायची बंद झाली. बातमी हॉटेलला आमच्या आधी कळली, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही त्या कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, ‘नव्याने अर्ज करा.’ केला. मग पाहणीही नव्याने. तोवर साहेबांची बदली. नवीन साहेबांना गल्ली कुठे तेच माहीत नव्हतं. शेवटी माहिती अधिकारात फाइल पाहायला मागितली. टिपणीच्या कागदांमध्ये आमचं पहिलं पत्र होतं, त्यावर आवकचा गोल शिक्का. त्यामागे पाहणी अहवाल. सही होती, तारीख होती, नकाशा टाचलेला होता. वर उजव्या कोपऱ्यात ‘जावक क्र.’ असं छापलेलं आणि पुढे कोरं, फक्त कुणीतरी पेन्सिल टेकवल्याचा एक ठिपका. टेबलावरच्या बाईंना विचारलं, अहवाल तयार होता तर पाठवला का नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पुढच्या ऑफिसने मागितलाच नाही.’

पुढच्या ऑफिसला तो आहे हे कळणार कसं, हे विचारायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

म्हणून माझ्या मते आवक क्रमांकावर समाधान मानणारा माणूस मुंबईत काहीही मिळवू शकत नाही. आवक म्हणजे तुमचा कागद त्यांच्याकडे आला, एवढंच. तुम्हाला हवा जावक. प्रत्येक वेळी विचारा: हा कागद इथून कुठे गेला, कुठल्या तारखेला, कुठल्या क्रमांकाने. क्रमांक मिळाला की तोच घेऊन पुढच्या कार्यालयात जा आणि तिथे त्याची आवक झाली का बघा. तोंडी ‘पाठवलंय, पाठवलंय’ यावर विश्वास ठेवायचा नाही. खोटं बोलतात असं नाही, बऱ्याचदा त्यांनाही तसंच वाटत असतं.

फाइल पाहायला दर वेळी माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबायची गरज नसते. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असा राज्य शासनाचा २०१८ चा शासन निर्णय आहे. काही ठिकाणी तो सांगावा लागतो, काही ठिकाणी दाखवावा लागतो. प्रिंट काढून न्या.

आणि तुम्हाला आधी तात्पुरती मनाई मिळाली तर ती संपायची तारीख सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा, कुणाच्या तरी मोबाइलमध्ये गजर लावा. बोर्ड पाहून खूश होऊ नका. बोर्डामागची अधिसूचना जिवंत आहे का, हे पहिल्या दिवसापासून बघा आणि तिची प्रत सोसायटीच्या ऑफिसात ठेवा.

अजून एक गोष्ट आधी तपासा, कारण तिथे कित्येकांची फाइल बसते: तुमची गल्ली सार्वजनिक रस्ता आहे का. डांबर पालिकेने टाकलं, झाडू पालिका मारते म्हणजे रस्ता पालिकेचा, असं नसतं. जुन्या लेआउटमधले कितीतरी रस्ते कागदावर अजून खासगी आहेत. पालिका कायद्याच्या, म्हणजे १८८८ च्या कायद्याच्या ३०५ आणि ३०६ कलमांची वाट चालून ते सार्वजनिक घोषित व्हावे लागतात. सीटीएस नंबर, म्हणजे जागेचा नगर भूमापन क्रमांक टाकून ऑनलाइन डीपी रिमार्क मिळतो, म्हणजे विकास आराखड्यात (डीपीत) त्या जागेबद्दल काय नोंद आहे त्याचा कागद. थोडी फी असते, तो काढा. नंतर कुणी टिपणीत ‘सदर रस्ता खासगी असल्याने’ असं लिहिलं, की ती ओळ पुसून काढायला जन्म जातो.

आता मागणीबद्दल. तुम्ही पूर्ण गल्लीत दोन्ही बाजूंना चोवीस तास मनाई मागितली आहे. स्पष्ट सांगतो, पटेल न पटेल: ही मागणी तुमच्याच सोसायटीत मरेल. आमच्याकडे हॉटेलाआधी विरोध कुणी केला? ‘बी’ विंगच्या लोकांनी. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे आणि ती रात्री गल्लीत उभी असते ते सगळे. सह्या करताना सगळ्यांनी केल्या, कारण त्यांना वाटलं मनाई हॉटेलच्या गाड्यांना आहे. अधिसूचनेला गाडी कुणाची ते कळत नाही. एका बाजूला मनाई मागा, किंवा सम-विषम तारखांचं पार्किंग मागा, किंवा संध्याकाळच्या वेळेपुरती मनाई मागा. पाहणीला आलेल्या माणसालाही ‘एक बाजू मोकळी ठेवा, बंब वळला पाहिजे’ हे लिहायला सोपं जातं. अग्निशमन दलाचा मुद्दा पत्रात पहिल्या परिच्छेदात घ्या, शाळेच्या बसचा दुसऱ्या. हॉटेलच्या आवाजाचा, वासाचा मुद्दा या पत्रात घेऊच नका, त्याची खाती वेगळी आणि मग कागद चार दिशांना फुटतो.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी दहा हजारांच्या दंडाचं लिहिलंय. जुलै २०१९ मध्ये पालिकेने बेकायदा पार्किंगला पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत जाणारा दंड लावला होता हे खरं, पण तो सार्वजनिक वाहनतळांच्या आसपासच्या पट्ट्यांपुरता होता. तुमच्या गल्लीत मनाई मोडली तर नेहमीचं चलन, पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केलं तर १,५००. व्हॅलेवाला ते हॉटेलच्या खर्चात टाकतो. म्हणून दंडापेक्षा टोइंगचा धाक मोठा, आणि टोइंग पुन्हा त्या कागदावर अवलंबून.

हॉटेलची बाजू वेगळी लढा. तिथे इमारत प्रस्ताव विभागाकडचा मंजूर नकाशा मागवा. गाळ्यासाठी नकाशात पार्किंग किती दाखवलंय आणि त्या जागी आज काय आहे ते बघा. आमच्याकडे नकाशातल्या पार्किंगमध्ये भांडी घासायची मोरी निघाली. ही तक्रार पार्किंगच्या मनाईपेक्षा जास्त धावते असा माझा अनुभव आहे, तरी प्रत्येक वॉर्डात तसंच होईल याची हमी देत नाही. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या पार्किंगच्या जागा बिल्डरने वेगळ्या विकल्या असं तुमच्या सोसायटीत कुणी म्हणत असेल तर २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला द्या, दहिसरच्या एका सोसायटीचाच खटला होता. उघडं आणि स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं त्यात म्हटलंय. सोसायटीने आतल्या जागा नीट वाटल्या तर रस्त्यावरच्या गाड्या आपोआप कमी होतात, पण ते सर्वसाधारण सभेत बोलणाऱ्याला पुढच्या वर्षी कमिटीत घेत नाहीत. अनुभव.

‘गाडी घेताना पार्किंगची जागा दाखवा’ हा नियम येणार, मग सगळं सुटेल, असंही एकाने लिहिलंय. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये तसं मांडलं होतं. येवो बापडा. रस्त्यावर आधीच उभ्या असलेल्या गाड्यांचं त्याने काय होणार, ते मला दिसत नाही.

मी वकील नाही, निवृत्त माणूस आहे, आणि हे सगळं आमच्या एका गल्लीच्या जिवावर लिहितोय. नवीन सभागृहात पद्धती थोड्या बदललेल्या असू शकतात, त्यामुळे कलमं एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

तुमच्या गल्लीची डीपीतली रुंदी आणि प्रत्यक्ष मोजलेली रुंदी, दोन्ही इथे टाका. मोजताना पायऱ्या-कुंड्या वगळून मोजा आणि वेगळ्याही लिहा. संयुक्त पाहणीची तारीख मिळाली असेल तर तीही सांगा, त्या दिवशी काय काय हातात ठेवायचं ते मी लिहीन.